पोशाखाच्या रात्री

रावसाहेबांनी माझ्या गळ्यात मडकं बांधलं ते स्वतःच्या हातानं. रेशमी गोंड्याच्या दोरीनं. त्यांच्या झोपायच्या झग्याची दोरी होती ती. मडकंही खरं मडकं नव्हतं. बोटीवर मडकं कुठलं? भटारखान्यातनं आल्याच्या मुरंब्याची मातीची बरणी आणवली होती. आत मुरंबा तसाच चिकटलेला. एडन सोडून दोन दिवस झाले होते. तांबडा समुद्र. वारा नाही. अंगावर घाम वाळायचा नाही, नुसता साचायचा. आणि त्या बरणीचा गोड आंबूस वास थेट माझ्या नाकात.

"मान खाली कर," रावसाहेब म्हणाले.

मी केली.

सदरा काढायला लावला. कमरेला मागच्या बाजूनं झाडू बांधला. खलाशांचा झाडू, अजून ओला. त्याचं पाणी माझ्या पोटऱ्यांवरनं ओघळत होतं. मग रावसाहेब दोन पावलं मागं सरले आणि शिंपी अंगरखा बघतो तसं त्यांनी मला निरखलं.

"हां. आता खरा महार दिसतोस."

मी खराच महार होतो. त्यात दिसायचं काय होतं?

जेवणाची घंटा झाली. ते पुढं निघाले. डोक्याला पगडी, अंगात जरीचा अंगरखा, कमरेला तलवार. मी मागनं. उघड्या अंगानं.

हे कसं झालं ते सांगतो.

माझा बाप सोलापुरात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला होता. साहेब गिरणीच्या मशिनींवरचा मोठा माणूस. बाप गेला आणि त्याच्या जागी मी लागलो. गोऱ्याला आमचा विटाळ नव्हता. त्याला नुसती कॉलर ताठ लागायची. खळ किती घालायची, इस्त्री किती तापवायची, काळा कोट कधी, पांढरा कधी, गळ्याचा बो कसा बांधायचा, हे सगळं मला पाठ झालं. इंग्रजी कामापुरतं कळायला लागलं. मग साहेब कायमचा विलायतेला गेला. मी रिकामा.

रावसाहेब त्याच गिरणीचे भागीदार. सोलापुरात मान मोठा. सकाळी पूजा झाल्याशिवाय चहा घेत नसत. त्यांना मशिनी बघायला विलायतेला जायचं होतं. घरचा एकही गडी समुद्र ओलांडायला तयार होईना. झाला असता तरी बो कुणाला बांधता येत होता? तेव्हा मला बोलावणं आलं. माझा धाकटा भाऊ त्यांच्याच गिरणीत बॉयलरवर कोळसा ओढत होता. नाही म्हणायची सोय नव्हती. आणि खोटं का बोलू, मला जायचंही होतं. बोट बघायची होती.

निघायच्या आधी बंगल्याच्या मागच्या अंगणात मला उभं केलं. मुंबईहून शिवून आलेले सूट गड्यानं दोरीवर टांगले. मी दहा हात लांब. हातात एक लांब काठी दिलेली. काठीनं दाखवायचं. हा जेवणाचा. हा दुपारचा. हा डेकवर फिरायचा. वाऱ्यानं एक बाही उडाली आणि काठीच्या टोकाला लागली. माडीवरनं बाईसाहेब ओरडल्या, "अगं बाई, शिवला की तो!"

गड्यानं तो कोट दोरीवरनं काढला आणि हौदाच्या पाण्यात बुचकळला. लोकरीचा कोट. उन्हात वाळून पार आखडला. मी बघत उभा. मला हसू येत होतं.

रावसाहेब पायरीवरनं म्हणाले, "बोटीवर ह्या गोष्टी चालत नाहीत. तिथं कोण बघतंय? तिथं तू सगळं करायचंस."

सगळं म्हणजे काय ते मला बोटीवर गेल्यावर कळलं.

पास्कल नावाचा गोव्याचा स्टुअर्ड रावसाहेबांच्या बाजूच्या केबिनी बघायचा. वयानं माझ्यापेक्षा मोठा, वीस वर्षं पाण्यावर काढलेला. रावसाहेब वर पहिल्या वर्गात. मी खाली, खलाशांच्या बाजूला, उघड्या डेकवर. पण कामाला दिवसभर वर. पास्कलनं मला पहिल्याच दुपारी बोटीची रीत सांगितली.

"बघ बाबा, रात्रीच्या जेवणाला काळा कोट, ताठ कॉलर. पण रोज नाय. पहिल्या रात्री नाय, सामान सगळं तळात असतं. बोट बंदरात असली तर नाय. रविवारी नाय. उतरायच्या आदल्या रात्री नाय. बाकी सगळ्या रात्री पोशाखाच्या. चुकलास तर तुझा साहेब सगळ्यांसमोर माकड होईल."

मी बोटांवर मोजून पाठ केलं. संध्याकाळी रावसाहेबांनी केबिनमधल्या पेटीतनं काळा कोट काढायला सांगितला.

मी म्हणालो, "आज न्हाय, रावसाहेब. पैल्या रातीला कुणी घालत न्हाय."

"तू मला शिकवणार?"

मी कोट चढवला. बो बांधला. ते गेले. थोड्याच वेळात परत आले. तोंड काळंनिळं. खाली सगळे साध्या कपड्यांत होते. काळ्या कोटातले फक्त वाढपी. एका मडमेनं रावसाहेबांना वाढपी समजून पाणी मागितलं होतं.

त्यांनी पायातला बूट काढला आणि माझ्या तोंडावर फेकला. भुवईवर लागला. मीच सकाळी चमकवलेला बूट.

"कळत होतं तर नीट सांगायचं नाही? गाढवा!"

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते मला विचारायचे. दाराकडं पाठ करून, हळू आवाजात. "आज आहे का पोशाख?" सोलापुरात ज्यांच्या तोंडातनं शब्द निघाला की गिरणीतली दोनशे माणसं उभी राहायची, ते मला विचारायचे. मी व्हय म्हटलं की कोट. न्हाय म्हटलं की दुसरा.

आणि मग गळा पुढं करायचे.

कॉलर लावायला माणसाच्या अगदी जवळ जावं लागतं. कॉलरचं बटण मागनं अडकवायचं, मग पुढनं. माझी बोटं त्यांच्या गळ्यावर. आवंढा गिळला की त्यांचा कंठ माझ्या बोटाखाली वर जायचा, खाली यायचा. डोळे मिटून उभे असायचे. बायको जवळ यावी इतक्या जवळ मी. त्यांच्या तोंडाचा वास मला यायचा. झालं की ते आरशाकडं वळायचे, रुमालावर अत्तराचं पाणी ओतायचे आणि माझी बोटं जिथं लागली तिथं गळा पुसून काढायचे. माझ्यासमोर. मला दिसावं म्हणून नाही. मी तिथं आहे हे त्यांच्या गावीच नसायचं.

एकदा पास्कलनं मला जेवणाचं छापील कार्ड वाचून दाखवलं. त्यात एक पदार्थ होता, बैलाची जीभ. थंड करून, पातळ काप करून वाढतात. पास्कल म्हणाला, "तुझ्या साहेबाला फार आवडली. दोनदा मागितली." मी रात्रभर त्याच एका गोष्टीचा विचार केला. आमची म्हातारीकोतारी मेलेलं ढोर ओढून खातात म्हणून आमची सावली नको. गावाबाहेर घर. नळाला हात नको. आणि हे ताठ कॉलर घालून, काट्यानं उचलून जीभ खातात. तीच जीभ मग मला गाढव म्हणते.

मला त्या बोटीतल्या सगळ्याच गोष्टींची किळस यायला लागली. घामानं पिवळ्या पडलेल्या कॉलरची. केसांच्या तेलाची. सिगारच्या राखेची. माझ्या स्वतःच्या हातांची सुद्धा. किती सवयीनं ते हात गळ्याकडं जात होते.

एडनला बोट थांबली. निघाल्यावर जेवणघराबाहेरच्या फलकावर एक कागद लागला. परवाची रात्र सोंगांची. ज्याला जे सोंग घ्यायचं ते घ्यावं, पहिल्या सोंगाला बक्षीस. रावसाहेबांनी पगडी, तलवार आणि जरीचा अंगरखा बरोबर आणला होता, विलायतेत फोटो काढायला. त्यांना वाटलं आता आपली पाळी. पहिल्या रात्रीची नाचक्की धुवून निघेल. त्यांच्या टेबलावरची एका कर्नलची बायको म्हणाली म्हणे, सरदार म्हटल्यावर मागं कुणीतरी पाहिजे. एकटा सरदार कसा दिसेल?

दुपारी रावसाहेब मला म्हणाले, "तुला माहीत असेल. जुन्या काळी तुमच्या लोकांच्या गळ्यात मडकं असायचं. कमरेला झाडू."

मला माहीत होतं. बापानं एकदाच सांगितलं होतं. वाटेवर थुंकी पडू नये म्हणून मडकं. पाऊल उठू नये म्हणून झाडू. सांगताना त्यानं माझ्याकडं बघितलं नव्हतं. त्याच्या पणज्याची गोष्ट होती ती. त्यानंतर आमच्या घरात त्याचं कुणी नाव काढलं नाही.

"मला न्हाय जमायचं, रावसाहेब."

"तुझा भाऊ कुठल्या खात्यात आहे रे? बॉयलरवर ना?"

एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. मी मान खाली केली. ही माझी लाज आहे, ती मी लपवत नाही. मी मान खाली केली आणि त्यांनी बांधलं.

जेवणघर दिव्यांनी भरलेलं. बॅंड वाजत होता. कुणी समुद्री चोर झालेलं, कुणी अरब, एक जाडा साहेब लहान मुलीचा झगा घालून आलेला. आम्ही आत गेलो आणि टाळ्या सुरू झाल्या. रावसाहेब मधनं चालले, मी मागनं झाडूनं जमीन झाडत. तसं चालायला त्यांनी केबिनमध्ये शिकवलं होतं. वाकून. एका टेबलापाशी थांबून ते इंग्रजीत समजावून सांगायला लागले. हे मडकं कशासाठी, हा झाडू कशासाठी. मला सगळं कळत होतं. त्यांच्या आवाजात अभिमान होता. आमच्याकडं केवढी व्यवस्था होती बघा, असा.

लोक ऐकत होते. एक म्हातारी बाई "हाऊ क्लेव्हर" म्हणाली. एका साहेबानं ओठातली सिगार काढली आणि माझ्या गळ्यातल्या बरणीत विझवली. मुरंब्यात ती चर्र झाली. धूर माझ्या डोळ्यांत. सगळी टेबलं हसली.

तेव्हा रावसाहेबांना सुचलं. ते माझ्याकडं वळले. मराठीत, हसत हसत, बाकी कुणाला कळणार नाही असं म्हणाले, "थुंक."

मी बरणीत बघितलं. विझलेली सिगार मुरंब्यात रुतली होती.

"थुंक रे त्यात. यांना दाखवायचंय. एकदा थुंक आणि जा."

माझं तोंड कोरडं पडलं होतं. पण थुंकी गोळा झाली असती तरी. कसं सांगू? मडकं बांधताना मी मान दिली. झाडू बांधताना अंग दिलं. ते सगळं त्यांनी माझ्यावर केलं होतं. थुंकायचं मात्र मला होतं. माझ्या तोंडानं, मी होऊन. आत्तापर्यंत सोंग त्यांचं होतं. थुंकलो असतो तर ते खरं झालं असतं.

मी दोरी गळ्यातनं वर काढली. बरणी रावसाहेबांच्या समोर टेबलावर ठेवली, काट्या-चमच्यांच्या मधे. पाठ सरळ केली.

मी म्हणालो, "नो, सर."

दोनच शब्द. सगळ्यांना कळावेत म्हणून त्यांच्या भाषेत.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्यांना वाटलं हेही सोंगातच आहे. गुलाम सरदाराला नाही म्हणतो, काय मजा! जाडा साहेब झगा उचलून टेबलावर हात बडवत होता. रावसाहेबांनी पण वाकून सलाम केला. पहिलं बक्षीस त्यांना मिळालं. चांदीचा पेला. माझ्या नाही म्हणण्याला मिळालेला पेला त्यांनी घेतला.

मी खाली आलो. खलाशांच्या नळावर अंग धुतलं. मुरंब्याचा वास जात नव्हता. चारचौघांत मी पहिल्यांदा नाही म्हणालो आणि लोकांनी त्याच्या टाळ्या वाजवल्या. ह्याच्याइतकी ओकारी मला कशाचीच आली नाही. शिवी दिली असती तर बरं. मारलं असतं तर बरं.

दुसऱ्या दिवशी पोशाखाची रात्र होती. मी वर गेलो नाही.

संध्याकाळी रावसाहेब स्वतः खाली आले. आमच्या डेकवर. सुक्या मासळीच्या वासात, खलाशांच्या पसरलेल्या अंथरुणांत, अंगात पांढरा सदरा, हातात ताठ कॉलर. नाकाला रुमाल. खलाशी उठून बसले.

"चल. काल गंमत होती. झालं ते झालं."

"न्हाय."

"घंटा होईल आत्ता. कॉलर लाव."

"मी न्हाय लावणार, रावसाहेब. आज न्हाय आन् उद्या बी न्हाय."

इथं टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. इथं ते सोंग होऊ शकत नव्हतं. रावसाहेबांनाही ते कळलं. त्यांनी नाकावरचा रुमाल काढला.

"पोर्ट सैदला उतरवीन तुला. आणि तिथनं तार करीन गिरणीत. भाऊ घरी बसेल तुझा."

मला भाऊ दिसला. भट्टीसमोर, कोळशानं काळा. त्याला दोन लेकरं. मला दिसलं सगळं. मी विचार केला नाही असं नाही.

"करा तार," मी म्हणालो.

ते कॉलर हातात घेऊन जिना चढून गेले. त्या रात्री ते जेवायला गेले नाहीत, असं पास्कलनं सांगितलं. प्रकृती बरी नाही म्हणून कळवलं. गळ्याचं एक बटण लागेना म्हणून सोलापूरचा एवढा मोठा माणूस उपाशी झोपला.

पोर्ट सैदला मला उतरवलं. पास्कलनं ओळख काढून एका परतीच्या बोटीवर धुलाईखान्यात काम लावून दिलं. लोकांच्या चादरी बडवत मी मुंबईला आलो, मुंबईहून सोलापूरला.

तार माझ्या आधी पोचली होती. भाऊ गिरणीतनं काढला गेला होता. माझ्याशी बोलला नाही. आईनं भाकरी पुढं ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ती माझ्या पाठीवर हात ठेवील.

ती म्हणाली, "एकदा थुकायचं हुतं की. त्यानं काय झालं असतं?"

मला तिचा राग आला नाही. जन्मभर तिनं दुसऱ्याच्या उष्ट्याला अन्न म्हटलं होतं. तिच्या लेखी थुंकी स्वस्त होती आणि कोळसा ओढायचं काम महाग. पण ती भाकरी मी तशीच मागं सरकवली.

भाऊ लेकरं घेऊन वळसंगला गेला. आमचं मूळ गाव. तिथं महारकीची पाळी आमच्या घराकडं होती. गावची हाळी द्यायची, ढोरं ओढायची, दारोदार भाकरी मागायची. जाताना म्हणाला, "चल तू बी. दोगं करू." मी म्हणालो, "मी येणार न्हाय. तू बी जाऊ नगं." तो म्हणाला, "तुझ्या न्हायवर माझी लेकरं जगायची न्हाईत." खरं होतं त्याचं. ते माझ्या छातीवर अजून आहे. मी स्टेशनात कापसाच्या गाठी उचलायला लागलो.

सहा-सात महिन्यांनी रावसाहेब विलायतेहून आले. हार-तुरे झाले. गावातल्या एका सभागृहात त्यांचं व्याख्यान ठरलं, प्रवासातल्या गमतींवर. मी कामावरनं सुटून तसाच गेलो. आत आम्हाला जागा नव्हतीच. मी बाहेर खिडकीपाशी उभा राहिलो.

रावसाहेब चांगलं बोलत होते. बोटीवर पोशाखाच्या रात्री कधी असतात ते त्यांनी सांगितलं. पहिल्या रात्री नाही, बंदरात नाही, रविवारी नाही. माझं पाठांतर, त्यांच्या तोंडून. लोक माना डोलवत होते. मग सोंगांच्या रात्रीची गोष्ट आली. चांदीचा पेला त्यांनी उंच धरून दाखवला.

"आणि आमच्या चाकरानं सोंग अगदी बेमालूम वठवलं," ते म्हणाले, "ऐन वेळी 'नो सर' म्हणून उलट उत्तर द्यायचं, हेही मीच त्याला शिकवून ठेवलं होतं!"

सभागृह हसलं. पुन्हा त्याच टाळ्या. बोटीवरच्याच.

मी खिडकी सोडली. दाराकडं गेलो. आत गेलो. मधल्या वाटेनं चालायला लागलो, तसे दोन्ही बाजूंच्या लोकांनी धोतरं आवरली, पाय वर घेतले. कुणी तरी ओरडलं, "अरे, हा कोण आत शिरला?"

मी मधोमध थांबलो.

"चाकर मीच," मी म्हणालो. "सोंग ह्यांचं होतं. माझं न्हवतं. ह्यांनी माझ्या भावाची भाकर धरून माझ्या गळ्यात मडकं बांधलं. मला थुक म्हणले. मी न्हाय म्हणालो. मला कुणी शिकवलं न्हवतं. इचारा त्यांना, दुसऱ्या दिशी ते उपाशी का झोपले!"

रावसाहेबांच्या हातातला पेला खाली आला.

मला बाहेर काढायला चार-पाच जण उठले. माझ्यापर्यंत आले आणि थांबले. एकमेकांकडं बघायला लागले. मला धरायचं कुणी? हात लावायचा कुणी? मग एकानं छत्री पुढं केली. दुसऱ्यानं काठी. छत्र्यांच्या टोकांनी त्यांनी मला ढोसलं. बरगडीत, पाठीत, मानेत. शिकले-सवरलेले लोक, चष्मे लावलेले. मेलेलं कुत्रं काठीनं सरकवतात तसं मला दारापर्यंत सरकवत नेलं. मी पळालो नाही. एकेक पाऊल त्यांना ढोसायला लावलं, आणि दारापर्यंत बोलत राहिलो. पहिल्यापासून. बरणीपासून.

सगळ्यांनी ऐकलं. आता कुणी हसत नव्हतं.

बाहेर पायरीवर बसून मी बरगड्या चाचपल्या. सदऱ्याला रक्त लागलं होतं. शेजारी भिंतीवर रावसाहेबांच्या व्याख्यानांची जाहिरात चिकटवली होती. मी अक्षर लावून वाचली. येत्या रविवारी माढ्याला. त्याच्या पुढच्या आठवड्यात केमला.

छत्र्या तिथंही असतील.

सकाळी मी गाठींच्या मुकादमाला सांगितलं की रविवारी येणार नाही. आणि स्टेशनच्या खिडकीशी जाऊन माढ्याचं तिकीट काढलं.